ढापण्यांची दुर्बीण

शाळेत आपल्याला ‘ढापण्या’ म्हणायचे. कॉलेजात प्रमोशन मिळून ‘चष्मिस’ झालो. नोकरी लागल्यावर तर चष्मा एकदम ‘लुक’ झाला, नवी फ्रेम आली की लोक डीपी बदलू लागले. म्हणजे एकूण बरं चाललं होतं आपलं. पण आपल्यापैकी कोणी रविवारी पहाटेचा गजर लावून पक्षी बघायला पाषाण तलावावर किंवा कवडीपाटला गेलं, की पुन्हा थेट चौथी ‘ब’. ग्रुपमधला कोणीतरी दिलदार माणूस स्वतःची दुर्बीण आपल्या हातात देतो. “तो बघ, वाळक्या फांदीच्या टोकाला, डावीकडे.” आपण ती चष्म्यावर टेकवतो आणि आत दिसतं काय? बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला असावं तसं इवलंसं वर्तुळ, भोवती काळोख आणि अधूनमधून स्वतःच्याच पापण्या.

“दिसला?”

“हो हो, दिसला! मस्त!”

खोटं. साफ खोटं. पक्षी बघायला गेलेली चष्मेवाली मंडळी जितकं खोटं बोलतात, तितकं अप्रेझलच्या फॉर्ममध्येसुद्धा कोणी बोलत नसेल.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने तर तीन वॉकनंतर नादच सोडला. “माझे डोळेच बेकार आहेत गं, मला नाही जमणार,” म्हणाला. नंबर उणे साडेचार. पण चष्मा लावला की डॉक्टरकडच्या तक्त्यातली शेवटची ओळ घडाघड वाचतो. म्हणजे डोळे ठीक, चष्मा ठीक. मग अडलं कुठे? एक दिवस मी माझी दुर्बीण ऑफिसात घेऊन गेले आणि लंचनंतर त्याला गच्चीवर नेलं. समोरच्या पिंपळात तांबट ‘टुक टुक टुक’ करत बसला होता, तोच तो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज काढणारा. हा पठ्ठ्या मिनिटभर गप्प. मग ओरडलाच, “अरे, याच्या कपाळावर लाल टिळा आहे!” टिळा होताच. दर वेळी होता. त्याला आजवर मिळालेल्या दुर्बिणींतून तो दिसण्याची सोयच नव्हती, एवढंच.

तर आजचा विषय हा. चष्मा असलेल्या माणसाने पक्षी बघायला दुर्बीण घ्यायची तर नेमकं काय तपासायचं?

दुर्बिणीवर दोन आकडे छापलेले असतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुकानात सगळी चर्चा या दोन आकड्यांभोवती फिरते. आपल्या कामाचा आकडा मात्र तिसराच आहे, तो दुर्बिणीवर सहसा छापलेला नसतो, खोक्यात मिळणाऱ्या माहितीपत्रकात कुठेतरी खाली असतो. त्याचं नाव आय रिलीफ. मराठीत रुळलेला शब्द नाही, म्हणून हाच वापरते.

फंडा सोपा आहे. दुर्बिणीच्या मागच्या काचेतून बाहेर पडणारा प्रकाश हवेत एका ठरावीक अंतरावर छोट्याशा गोल ठिपक्यात एकवटतो. आपल्या डोळ्याची बाहुली बरोबर त्या ठिपक्यावर आली तर अख्खं चित्र दिसतं. नाही आली तर कडा कापल्या जातात. मागची काच ते हा ठिपका, हे अंतर म्हणजे आय रिलीफ. मोजतात मिलिमीटरमध्ये.

बिनचष्म्याच्या माणसाला काळजी नसते. काचेभोवतीची रबरी कडी, म्हणजे आयकप, वर उचलली की डोळा आपोआप योग्य जागी येतो. आपलं तसं नाही. आपल्या डोळ्यापुढे आधीच एक काच उभी आहे, आणि डोळा ते चष्म्याची काच हेच अंतर साधारण १२ ते १४ मिलिमीटर असतं. वर काचेची स्वतःची जाडी. आता दुर्बिणीचा आय रिलीफ ११ किंवा १२ असेल तर तो ठिपका पडणार कुठे? चष्म्याची काच आणि डोळा यांच्या मधेच कुठेतरी. बाहुलीपर्यंत तो पोचतच नाही. आपण प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला आणि लोकल पुढे जाऊन थांबलेली, असा प्रकार. कितीही दाबून धरा, नाकावर वळ उठेल, चित्र मोठं होणार नाही.

म्हणून माझा साधा हिशोब: माहितीपत्रकात १५ मिलिमीटरपेक्षा कमी आकडा असेल तर ती दुर्बीण हातातही घेऊ नका. १७-१८ असेल तर आरामात चालेल. नंबर जास्त असेल, फ्रेम चेहऱ्यापासून लांब बसत असेल, तर त्याहून थोडा जास्तच बघा.

‘थोड्या कडा कापल्या गेल्या तर काय बिघडलं?’ असं वाटू शकतं. बरंच बिघडतं. दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास अर्धा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं. पाणथळीत निवांत उभा असलेला शेकाट्या पाव वर्तुळातही सापडेल, तो कुठे जातोय! पण वडाच्या पानांत हळद्या शोधायचाय, किंवा झुडपातून उड्या मारणारा शिंपी आहे की वटवट्या हे ठरवायचंय, तेव्हा पाव खिडकीतून शोधता शोधता पक्षी केव्हाच पसार झालेला असतो. आणि आपण पुन्हा “हो हो, दिसला”.

यावर जाणकारांचा एक ठरलेला सल्ला असतो: “चष्मा काढून बघ ना!” ऐकायला सोपा वाटतो, पण मला तो पटत नाही. साधा उणे किंवा अधिक नंबर दुर्बिणीचं फोकसचं चाक फिरवून भरून काढता येतो, हे खरं. पण त्यालाही मर्यादा आहे. नंबर मोठा असेल तर दूरची वस्तू स्पष्ट व्हायच्या आधीच चाक संपतं. दुसरं म्हणजे सिलिंड्रिकल नंबर. तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर ‘सिल’च्या रकान्यात काही आकडा असेल, तर तो दोष कुठल्याही फोकसने जात नाही, कारण तिथे सगळ्या दिशांना सारखी दुरुस्ती चालत नाही. आकडा लहान असेल तर दिवसाउजेडी निभावतं, मोठा असेल तर पिसांच्या बारीक रेघा पुसटच राहतात. आणि तिसरं सगळ्यात व्यावहारिक. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, म्हणजे आपल्या बाबतीत चष्म्यातून. मग चष्मा काढा, कपाळावर चढवा, दुर्बीण लावा... तोवर वेडा राघू दोन माशा पकडून दुसऱ्या तारेवर जाऊन बसलेला असतो. शिवाय भिगवणला होडीतून वाकून बघताना कपाळावरचा चष्मा उजनीच्या पाण्यात गेला तर परतीचा प्रवास कसा करणार, तेही सांगा! तेव्हा चष्मा लावूनच बघायचं आणि त्याला साजेशी दुर्बीण शोधायची. तडजोड दुर्बिणीने करावी, आपण का करायची?

आता दुकानात चला. सेल्समनचा पहिला डायलॉग ठरलेला: “मॅडम, यातून तीन किलोमीटरवरचं दिसतं.” अहो, नुसत्या डोळ्यांनी पावणेचार लाख किलोमीटरवरचा चंद्र दिसतो! लांबचं दिसणं हा मुद्दाच नाही. दुसरा डायलॉग: “आठ कशाला, बारा घ्या, सोळा घ्या.” नका घेऊ. पट जितकी जास्त तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो आणि दिसणारा भाग आक्रसतो. हातात धरून पक्षी बघायला आठपट उत्तम, दहापट चालेल. झूमवाल्या दुर्बिणींकडे तर बघूच नका, चष्मेवाल्यांनी तर नाहीच नाही. झूम वाढवला की त्यांचा आय रिलीफ सहसा आणखी घटतो.

मग पुढची पाच मिनिटं तुमची. आधी स्वतःचा चष्मा स्वच्छ पुसा. हसू नका, निम्म्या वेळा दुर्बिणीतलं ‘धुकं’ आपल्या काचेवरचा सकाळचा बोटाचा ठसा असतो. दोन्ही आयकप पूर्ण खाली करा. नव्या दुर्बिणींत ते फिरवून खाली जातात, जुन्या पद्धतीच्या दुर्बिणींत रबर दुमडावं लागतं. आता दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात या. सेल्समन काळजीने मागोमाग येईल, येऊ द्या. मधला सांधा उघड-मिट करून दोन्ही वर्तुळांचं एक वर्तुळ करा. हिंदी सिनेमात हिरो दुर्बीण लावतो तेव्हा पडद्यावर आडवा आठ दिसतो, तसं प्रत्यक्षात दिसत असेल तर दुर्बीण अजून डोळ्यांना जुळलेली नाही.

आता वर्तुळाच्या कडेकडे बघा. चारही बाजूंना रेखीव काळी किनार एकाच वेळी दिसते का? मान न हलवता, दुर्बीण डोळ्यांवर न दाबता? दिसली तर अर्धी परीक्षा पास. उरलेली अर्धी समोरच्या दुकानाच्या पाटीवर. चष्मा लावून पाटीवरची किती अक्षरं एका वेळी मावतात ते मोजा. मग चष्मा काढा, आयकप वर करा आणि पुन्हा मोजा. अक्षरं थोडी धूसर दिसतील, पण मोजता येतील. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला तर दुर्बीण आपली. चष्मा काढल्यावर ‘श्री गणेश ड्रायफ्रूट्स’ आणि चष्मा लावल्यावर नुसतंच ‘गणेश ड्राय’ दिसत असेल, तर नमस्कार करून परत द्या.

आणखी एक उद्योग मला फार आवडतो, कारण त्याला फक्त एक व्हिजिटिंग कार्ड लागतं. (कुठेतरी उपयोग होऊ दे त्यांचा!) दुर्बीण डोळ्याला न लावता उजेडाच्या खिडकीकडे रोखा. सूर्याकडे नाही, चुकूनही नाही. मागच्या काचेमागे कार्ड धरा. कार्डावर प्रकाशाचा एक गोल पडेल. कार्ड मागेपुढे करा, एका जागी तो गोल सगळ्यात लहान आणि कडा एकदम कोरीव होतील. हाच तो ठिपका. आता खाली केलेल्या आयकपच्या कडेपासून कार्डापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. हा तुमच्या वाट्याला येणारा खरा आय रिलीफ. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा काचेच्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो आणि काच आयकपच्या कडेपासून दोन-चार मिलिमीटर आत बसवलेली असते. तेवढे मिलिमीटर गेले पाण्यात. कागदावरचे १६ हातात १३ होतात ते असे.

त्याच ठिपक्याचा व्यासही मोजून घ्या. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, असं त्याचं गणित आहे. ८×४२ चा ठिपका सव्वापाच मिलिमीटरचा यायला हवा. फुटपाथवर ‘३०×६०’ छापलेल्या लालबुंद काचांच्या दुर्बिणी मिळतात, त्यांचा ठिपका गणिताने दोन मिलिमीटर यायला हवा. मोजून बघा आणि तो बराच मोठा आला तर समजा की ‘तीसपट’ फक्त छापण्यापुरतं होतं.

एक उदाहरण देते, म्हणजे आकड्यांचा खेळ लक्षात येईल. दोन्ही दुर्बिणी निकॉनच्याच, दोन्ही ८×४२. अॅक्युलॉन ए-२११ मध्ये ८ अंशांचा भाग दिसतो आणि आय रिलीफ १२ मिलिमीटर आहे. मोनार्क एम-५ मध्ये भाग ६.४ अंशांचा, पण आय रिलीफ १९.५ मिलिमीटर. अंशांवर गेलात तर पहिली सरस. हजार मीटरवर पहिलीत सुमारे १४० मीटर रुंदीचं दृश्य मावतं, दुसरीत ११२. ज्याला चष्मा नाही त्याने पहिली खुशाल घ्यावी. आपल्याला मात्र १२ मिलिमीटरमधून त्या आठ अंशांचा मधला तुकडाच मिळणार आणि दुसरीतले ६.४ च्या ६.४ अंश पदरात पडणार. कागदावर मोठी असलेली खिडकी आपल्यासाठी लहान ठरते ती अशी. शिवाय पहिलीचं वजन ७५५ ग्रॅम, दुसरीचं ६३० ग्रॅम. सव्वाशे ग्रॅम म्हणजे काही नाही असं दुकानात वाटतं. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत तीन तास मान वर करून उभं राहिल्यावर नाही वाटत.

हे सगळं वाचून ‘मग आय रिलीफ जितका जास्त तितका चांगला’ असं ठरवू नका. फार लांबच्या आय रिलीफची दुर्बीण आणि डोळ्याला अगदी चिकटून बसणारा चष्मा असेल तर डोळा ठिपक्याच्या अलीकडे येतो. मग चित्रावर काजूच्या आकाराच्या काळ्या सावल्या लपलप करायला लागतात. जरा डोळा हलला की काजू हजर. उपाय सोपा आहे: आयकप एक खटका वर घ्या. म्हणूनच खटक्या-खटक्याने थांबणारे आयकप बघून घ्या, मधल्या पायरीवर धरल्यावर दाबाने खाली घसरत नाहीत ना तेही बघा. आणि त्यांची कडा मऊ रबराची हवी. आपल्या काचा प्लॅस्टिकच्या असतात, त्यांच्यावर कडक कडा रोज घासली तर सहा महिन्यांत चष्म्यावर दोन गोल उमटतील.

घेतल्यावर लगेच एक काम करा, बरेच जण हे करतच नाहीत. उजव्या डोळ्याकडे एक वेगळी कडी असते, डायॉप्टरची. आधी उजवं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, ती कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्पष्ट करा. चष्मा लावूनच करायचं. एकदा झालं की त्या कडीला हात लावायचा नाही आणि दुर्बीण मित्रांच्या हातून फिरून आली की आधी ती तपासायची. ही सेटिंग चुकलेली असली की तासाभरात डोकं चढतं आणि दोष जातो उन्हाला.

चष्म्याकडूनही थोडी मदत घेता येते. नाकावरच्या पॅडवाली धातूची फ्रेम असेल तर चष्म्याच्या दुकानातला माणूस ती पॅड जुळवून काच डोळ्याच्या एक-दोन मिलिमीटर जवळ आणून देतो. जाड काड्यांच्या मोठ्या फॅशनेबल फ्रेममध्ये ही सोय नसते. मी तर जुनी पातळ फ्रेम खास रविवारसाठी ठेवली आहे, दिसते अगदी गणिताच्या बाईंसारखी, पण पाणथळीवर कोण बघतंय! शिवाय टोपी हवी. चष्मा आणि दुर्बीण यांच्या फटीतून बाजूचा उजेड आत शिरतो आणि काचेवर आपलाच डोळा चमकतो. टोपीची कड आणि दोन्ही अंगठे गालाशी आडवे धरले की तो बराच थांबतो.

पहिली टेस्ट कुठे घ्यायची? मुंबईकरांना सोपं आहे. हिवाळा सुरू झाला की शिवडीची जेट्टी गाठा, भरती-ओहोटीची वेळ बघून. फ्लेमिंगोंच्या गुलाबी गर्दीत लहान कोणता आणि मोठा कोणता, हे चोचीवरून ओळखायचं. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहानाची पूर्णच गडद लालसर. हे चष्मा लावून, न कुरकुरता, सलग दहा मिनिटं जमलं तर पैसे वसूल. पुणेकरांना कवडीपाट आहेच. चक्रवाक येतात, मुळा-मुठेच्या पाण्याचा वासही येतो. दोन्हीची तयारी ठेवून जा.

राहता राहिला पावसाळा. नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ दुर्बीण घेतलीत तर आतून धुकं धरत नाही. चष्म्यावर मात्र धरतंच, त्याला इलाज नाही, रुमाल ठेवा. पण आपल्या दमट हवेत खरा शत्रू बुरशी. कपाटात, कापडी पिशवीत, जून ते सप्टेंबर पडून राहिलेल्या दुर्बिणीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात आणि साफ करायला जवळजवळ नव्या दुर्बिणीइतका खर्च येतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणा, त्यात बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, दुर्बीण कोरडी पुसून आत ठेवा. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘दुर्बीण’ लिहा. आमच्याकडे गेल्या दिवाळीत त्यात शेव भरली गेली होती. दुर्बीण टेबलावर उघडी आणि शेव मात्र अगदी कुरकुरीत!